जुनी प्रत पुसून टाका

'पडदा' हे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ते कोणी बनवलं हे ठाऊक नव्हतं, पण ताईचा आवाज मात्र झाडून सगळ्यांना ठाऊक होता.

घरातली एक खोली सिनेमासाठी राखायची, भिंतीवर मोठा पडदा, छताला प्रोजेक्टर, कोपऱ्याकोपऱ्यांत स्पीकर आणि हा सगळा पसारा चालवायला एक कॉम्प्युटर, अशी हौस करणाऱ्या लोकांसाठी ते होतं. एक बटण दाबलं की दिवे मंद व्हायचे, प्रोजेक्टर जागा व्हायचा, आवाज खोलीभर फिरायचा आणि जमवलेले सगळे सिनेमे कपाटातल्या पुस्तकांसारखे ओळीने समोर यायचे. चाललं तर चैन, आणि अडलं तर डोक्याला ताप. अडलं की लोक फोन उचलायचे आणि पलीकडून ताई म्हणायची, "भिऊ नका, मी आहेच. काय दिसतंय ते सांगा."

हा धंदा बहीण-भावांनी मिळून काढला होता. वडिलांच्या घराच्या मागच्या खोलीत दादा प्रोग्राम लिहायचा आणि ताई तो लोकांना समजावून सांगायची. तिने त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. दादाचं डोकं चालायचं, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी. ताईचं उलट. ती भिंतीलाही बोलतं करील असं आई म्हणायची. चौदा वर्षांत धंदा मागच्या खोलीतून एका रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आला. तीन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत ताई आणि तिचा फोन, मधल्या खोलीत तपासणीच्या सात मशिनी, आणि आत काचेची केबिन, त्यात दादा. खालून दिवसभर टर्पेंटाइनचा वास यायचा. तो आता कोणाच्या नाकालाही कळत नसे.

मधल्या खोलीत जो माणूस बसायचा त्याला सगळे कासव म्हणायचे. पन्नाशीचा, जाड काचांचा चष्मा, आणि कुठलीही नवी आवृत्ती आली की तिच्यातलं एकेक बटण तीन-तीनदा दाबून बघितल्याशिवाय वहीत सही करायचा नाही. दादा चिडायचा, "अरे, सशाच्या गोष्टीत कासव जिंकलं म्हणून बाजारात पण जिंकतं असं नाही!" कासव मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्या बटणापासून सुरुवात करायचा. पण त्याची सही झाली की ताई डोळे मिटून लोकांना 'चालेल' म्हणायची, आणि तिचं 'चालेल' कधी खोटं पडलं नव्हतं.

फोन करणाऱ्यांत मास्तरांचा नंबर ताईला पाठ होता. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी एका आजारात त्यांच्या बायकोचे दोन्ही कान गेले. सिनेमाचं वेड मुळात तिचं, यांचं नव्हे. मग मास्तरांनी ठरवलं की तिला ऐकू येत नाही तर आपण लिहून दाखवायचं. तिच्या आवडीचा जुना सिनेमा लावायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, ते पडद्यावर केव्हा उमटेल आणि केव्हा पुसलं जाईल ते नेमकं बसवायचं, की पुढचं वाक्य. एका सिनेमाला महिना-दीड महिना. पुढे हात बसला, तसा वेग आला. पण घाई त्यांनी कधी केली नाही.

"विनोदाचं वाक्य अर्धा सेकंद आधी आलं तर ही आधीच हसते," ते ताईला सांगायचे, "आणि उशिरा आलं तर हसतच नाही. मला वेळेवर हसलेली हवी."

ते नुसतं बोलणंच लिहीत नसत. कंसात '(दार करकरतं)', '(लांबवर कुत्रं भुंकतं, मग गप्प होतं)' असंही लिहायचे. एकदा त्यांनी फक्त एवढं विचारायला फोन केला होता की भांडं पडल्यावर 'खण' लिहू की 'ठण्ण'?

"स्टीलचं की पितळेचं?" ताईने विचारलं होतं.

"आता ते कसं कळणार? सिनेमा काळा-पांढरा आहे!"

दोघंही खूप हसली होती. नऊ वर्षांत त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. पण कुठला सिनेमा कुठवर आला हे ताईला माहीत असायचं. शेवटचा आकडा एकशे तेरा होता.

त्या वर्षी कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. फुकट होती, आणि जुनीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत असंही जाहीर झालं. लोकांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच: अपग्रेड केलं तर 'पडदा' चालेल ना?

ताईने केबिनचं दार ढकललं. "दादा, लोकांना काय सांगू?"

"चालेल म्हणून सांग. तपासून झालंय."

"कासवाने सही केली?"

"अगं चिमणे, मी सांगतोय ना." दादाने स्क्रीनवरून नजर उचलली नाही. लहानपणापासून तो तिला चिमणी म्हणायचा. "एक छानसं पत्र लिही. तुझ्या भाषेत. म्हणजे रोज उठून शंभर जणांना तेच ते सांगायला नको."

सख्ख्या भावाच्या शब्दाला पावती कोण मागतं? ताईने मागितली नाही. त्या संध्याकाळी तिने मन लावून पत्र लिहिलं. अपग्रेड कसं करायचं, किती वेळ लागेल, मध्ये वीज गेली तर काय करायचं, सगळं सोपं करून. खाली लिहिलं, 'तुमची ताई'. पत्र सगळ्यांना दादाच्या कॉम्प्युटरवरून जायचं, म्हणून तिने ते त्याच्याकडे दिलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मास्तरांचा फोन.

"पत्र वाचलं. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. करू?"

"करा की बिनधास्त."

"तुम्ही म्हणता म्हणून करतो हं."

"चालेल, मास्तर. भिऊ नका, मी आहेच."

सोमवारी नऊ वाजता ताई आली तेव्हा फोन आधीपासूनच वाजत होता. दाताच्या डॉक्टरांचा. ते सुट्टीच्या दिवशी नातवंडांना सिनेमा दाखवायला बसले होते. बटण दाबलं तर दिवे मंद झाले आणि पडदा काळाच राहिला. 'ही आवृत्ती या सिस्टीमवर चालणार नाही' एवढी एक ओळ, बस. तो फोन ठेवते तोवर दुसरा. मग तिसरा. कोणाचा आवाजच गेला होता, कोणाचा रिमोट ओळखला जात नव्हता, पण बहुतेकांचं तेच, काळा पडदा आणि ती ओळ. बारापर्यंत एकसष्ट फोन झाले.

ताई गडबडली, पण घाबरली नाही. अशा वेळी काय करायचं ते तिला माहीत होतं. नव्या सिस्टीममध्ये दहा दिवस परतीची वाट उघडी असते. जुनी प्रत तशीच बाजूला ठेवलेली असते, एक बटण दाबलं की सगळं होतं तसं. तिने डॉक्टरांना उलटा फोन लावला आणि कुठे जायचं ते सांगितलं.

"ते बटण इथे दिसतच नाही," डॉक्टर म्हणाले. "दिसेल कसं? जुनी प्रत पुसून टाकली ना मी."

"पुसून टाकली? का पण?"

"का म्हणजे? तुमच्या पत्रात लिहिलंय."

ताईला हसूच आलं. "माझ्या पत्रात? नाही हो डॉक्टर, काहीतरी गफलत होतेय."

"थांबा, वाचून दाखवतो." कागदाची सळसळ झाली. त्यांनी पत्र छापून घेतलं होतं. "'आणि हो, अपग्रेड झालं की जुनी प्रत लगेच पुसून टाका. बरीच जागा मोकळी होते. भिऊ नका, मी आहेच.'"

ताईने लोकांना गेलेलं पत्र उघडलं. गेल्यावर तिने ते पुन्हा बघितलंच नव्हतं. स्वतःचं लिहिलेलं कोण परत वाचतं? तिसऱ्या परिच्छेदात, तिच्या दोन वाक्यांच्या मध्ये, ती ओळ बसली होती. शिवण कळू नये असं ठिगळ. तिची 'आणि हो' म्हणायची सवय, तिचं 'भिऊ नका', तिचं 'मी आहेच'. चौदा वर्षं शेजारच्या खोलीत बसून ज्याने ते ऐकलं होतं, त्यालाच असं लिहिता आलं असतं.

ती उठून मधल्या खोलीत गेली. कासव वही पुढ्यात घेऊन नुसताच बसला होता.

"नव्या सिस्टीमचं पान दाखवा."

त्याने वही फिरवली. वर तारीख होती, खाली रेघा मारलेल्या होत्या, आणि रेघांमध्ये काहीच नव्हतं.

"मला ती सिस्टीम टाकलेली मशीनच दिली नाही," कासव म्हणाला. "दादा म्हणाले, बाहेरून तपासून घेतलंय."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही सख्खी बहीण-भावंडं. तुमच्यात मी कशाला तोंड घालू?"

केबिनमध्ये दादा फोनवर बोलत होता. तिला बघून त्याने बोट वर केलं, थांब म्हणून. ती थांबली नाही. तिने छापलेलं पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. दादाने फोन ठेवला.

"बस," तो म्हणाला.

"ही ओळ कोणी लिहिली?"

"बस तर आधी."

"दादा."

"मी," तो म्हणाला. मग एकदम बोलायला लागला, पाठ केलेलं असावं तसं. चार महिन्यांपूर्वी त्याने कंपनी विकली होती. घेणारे मोठे लोक होते. त्यांचा स्वतःचा सिनेमे दाखवणारा एक डबा होता, महिन्याच्या वर्गणीवर चालणारा, आणि 'पडद्या'ची माणसं त्यांना त्या डब्यावर हवी होती. 'पडदा' नव्या सिस्टीमवर चालवायचाच नाही हे करारातच ठरलं होतं. "आज ना उद्या हे होणारच होतं गं. आपल्यासारख्या तीन खोल्यांच्या कंपन्या किती दिवस टिकणार? मी आपल्या दोघांचं बघितलं. तुझा वाटा काढून ठेवलाय."

"चालणार नाही हे तुला माहीत होतं."

"हो."

"ठीक आहे. मग 'चालणार नाही' असं सांगायचं लोकांना. जुन्या सिस्टीमवर राहिले असते ते."

दादाने टेबलावरचं पत्र उलटं करून ठेवलं.

"अच्छा," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "राहिले असते, म्हणूनच. आणि परत फिरायची वाट पण नको होती. म्हणून पुसायला लावलंस."

"वाट उघडी असती तर कोणी हललं असतं का?"

"मग तुझ्या नावाने लिहायचंस! माझं नाव कशाला?"

"माझ्या नावाने कोणी वाचलं असतं?" दादा म्हणाला. तो ते रागाने बोलला नाही, खोचकही नाही. हिशेब सांगावा तसं, सरळ. तेच तिला जास्त लागलं. चौदा वर्षांत तिने एकेका माणसाशी बोलून जे जमवलं होतं त्याची किंमत या माणसाला नेमकी ठाऊक होती. ठाऊक होती म्हणूनच त्याने ते वापरलं. शेताला कुंपण म्हणून ज्याला धरून चालली, त्यानेच शेत खाल्लं होतं.

"मला आधी सांगितलं असतंस," ती म्हणाली.

"तर तू लिहिलं असतंस?"

"नाही."

"मग? कसं सांगणार होतो?"

ती बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसली, फोनची यादी काढली आणि ज्यांचे फोन अजून आले नव्हते त्यांना एकेक करून फोन लावायला लागली. "अपग्रेड करू नका. केलं असेल तर काहीही पुसू नका. पत्रातली ती ओळ माझी नाही." दोन-तीन फोन झाल्यावर ती शेवटचं वाक्य बदलून म्हणायला लागली, "ती ओळ मी लिहिलेली नाही, पण खाली नाव माझं आहे." थोड्या वेळाने कासव खुर्ची ओढून शेजारी आला. त्याने अर्धी यादी आपल्याकडे घेतली.

तीनच्या सुमाराला फोन बंद पडला. कॉम्प्युटरवर तिचा पासवर्डही चालेना. काचेच्या आत दादा पाठमोरा उभा होता. ताईने पर्स उचलली, उरलेली यादी घेतली आणि जिन्यात जाऊन बसली. तिथून स्वतःच्या मोबाइलवरून तिने आणखी चाळीस जणांना गाठलं. खालच्या दुकानातला माणूस रंगाचे डबे घेऊन वर-खाली करायचा, तेव्हा ती पाय बाजूला घ्यायची. काही लोक वेळेत सापडले. एक बाई म्हणाली, "आत्ता पुसायलाच बसले होते हो!" आणि ताईला रडू फुटेल असं वाटलं. काहींनी शिव्या दिल्या. एकाने तिचं नाव ऐकताच फोन ठेवला.

मास्तरांचा नंबर तिने मागे मागे ढकलत नेला होता. दिवसभरात त्यांचा फोन आला नव्हता. मोबाइलची बॅटरी संपत आली तेव्हा तिने तो लावला.

"हं, ताई," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

"मास्तर, तुम्ही... केलं का?"

"केलं ना. पत्रात होतं तसंच केलं सगळं. ओळीने. सिनेमे आहेत. लिहिलेलं एकही दिसत नाही."

ताईला कळलं. सिनेमे वेगळ्या डिस्कवर असायचे, ते शाबूत होते. पण अक्षरं 'पडद्या'च्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहायची, आणि तो फोल्डर जुन्या प्रतीबरोबर बाजूला गेला असणार. आणि तिथून कचऱ्यात.

"कॉम्प्युटर बंद करा," ती म्हणाली. "आता त्याला हातच लावू नका. मी उद्या येते."

"तुम्ही?" मास्तर म्हणाले. "या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि कासव मास्तरांच्या घरी गेली. चार मजले चढून. दार मास्तरांनीच उघडलं. तिच्या मनातल्यापेक्षा ते बरेच उंच निघाले आणि बरेच म्हातारे. आतली खोली म्हणजे दोन आरामखुर्च्या, एक पांढरा पडदा आणि खिडकीला जाड निळं कापड. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता, पण त्यांत संवाद नव्हते, नुसत्या याद्या होत्या. कोणता सिनेमा केव्हा सुरू केला, केव्हा संपला, आणि शेवटच्या रकान्यात 'ती कुठे हसली'.

कासवाने पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम लावला. पाच तास तो चालला. नवी सिस्टीम चार दिवस त्याच जागेवर लिहीत होती, त्यामुळे हाती तुकडे लागले. कुठल्या सिनेमाचा मधला भाग, कुठल्याची शेवटची वीस मिनिटं. अख्खे असे सातच मिळाले. मग कासव खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "तुमच्या अडचणी यायच्या तेव्हा तुम्ही फायली पाठवायचात. मी त्या तपासणीला ठेवून घेतल्या होत्या. एकोणीस आहेत." म्हणजे सव्वीस झाले. एकशे तेरांपैकी.

या पाच तासांत मास्तरांच्या बायकोने दोनदा चहा दिला आणि ताईच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्हीच ताई का? तुमचा आवाज काही मला माहीत नाही. पण तुमच्याशी बोलून फोन ठेवला की हे हसत आतल्या खोलीत यायचे."

ताईने मान खाली घातली.

"खाली नका बघू. मला तोंड दिसायला हवं." तिने हाताने ताईची हनुवटी किंचित वर केली. "आता सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, काकू."

काकू तिच्या ओठांकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "खरं बोलतेय."

"असेल," मास्तर म्हणाले. ते खिडकीशी उभे होते. "खोटं बोलताहेत असं मी म्हणतच नाही. पण मी पत्रावर विसंबलो नव्हतो, ताई. मी फोन करून विचारलं होतं. करू का म्हणून. तेव्हा तुम्ही काय बघितलं होतंत?"

कासवाची बोटं कीबोर्डवर थांबली.

"काही नाही," ताई म्हणाली. "भावाने सांगितलं, म्हणून मी सांगितलं."

"हं." मास्तरांनी मान हलवली. शाळेत उत्तर चुकलं पण खरं सांगितलं अशा पोराकडे बघून हलवावी तशी. "तुमच्यावर राग नाही माझा. तुमच्या घरच्यानेच तुमचा गळा केसाने कापला, हे कळतंय मला. पण आता तुम्ही 'चालेल' म्हणालात तर मी आणखी कोणालातरी विचारीन. त्याला माझा इलाज नाही."



त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दादा तिच्या घरी आला. हातात फळं आणि एक पाकीट. नव्या मालकांकडे तक्रारींचा पाऊस पडला होता. डॉक्टरांनी वकिलाची नोटीस धाडली होती. आणि 'ती ओळ माझी नाही' हे ताईचं वाक्य सगळीकडे पोचलं होतं.

"सरळ गोष्ट आहे," दादा सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला. "यात तुझा वाटा आहे, आणि एक कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की पत्र तू लिहिलंस आणि ती ओळ अनवधानाने गेली. माणूस आहे, चूक होते. तुझ्यावर कोणी डूख धरणार नाही, चिमणे. लोकांचा जीव आहे तुझ्यावर."

ताईने कागद वाचला. दोनदा वाचला. तिला वाटलं होतं, तो माफी मागायला आलाय. दार उघडताना तिने मनात ठरवूनही टाकलं होतं की लगेच विरघळायचं नाही, थोडं ताणून धरायचं, मग बघू. त्या ठरवण्याचीच तिला आता लाज वाटली. एकदा तिच्या नावाचं जे करायचं ते करून झालं होतं, आणि उरलंसुरलं न्यायला तो परत आला होता.

तिने कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

"चहा घेणार आहेस की निघणार आहेस?"

"असं काय करतेस? आईला काय सांगू मी?"

"खरं सांगून बघ. कधीतरी."

तो गेला. फळं राहिली. आईचा फोन आला तो संध्याकाळी. आई दादाकडेच राहायची. "भावाची अब्रू चारचौघांत घालवलीस, आता सहीचा एक फराटा ओढायला काय झालं होतं?" आई म्हणाली. ताईने समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण जुनी प्रत म्हणजे काय आणि ती पुसली म्हणजे काय, हे आईला समजेना. तिला फक्त दोन मुलं भांडलेली दिसत होती. शेवटी ताई म्हणाली, "आई, तू जेवलीस का?" आणि विषय तिथे संपला.

सही मिळाली नाही, त्यामुळे नव्या मालकांना नमतं घ्यावं लागलं. त्यांनी ज्यांचं नुकसान झालं त्यांना तो डबा वर्षभर फुकट दिला. डॉक्टरांनी घेतला. मास्तरांनी परत पाठवला, कारण त्यात आपली अक्षरं घालायची सोयच नव्हती.

कासवाने नोकरी सोडली. ताई आणि तो मिळून एका छापखान्याच्या मागची खोली भाड्याने घेऊन बसले. 'पडद्या'च्या लोकांसाठी जुने कॉम्प्युटर जमवायचे, त्यांवर जुनी सिस्टीम घालायची, इंटरनेटला जोडायचंच नाही, आणि त्यावर 'पडदा' पुन्हा उभा करून द्यायचा. पहिल्या महिन्यात अकरा माणसं आली, दुसऱ्या महिन्यात तीस. ताई आता फोनवर 'चालेल' म्हणत नसे. "बघून सांगते," म्हणायची, आणि खरंच जाऊन कासवाच्या खांद्यावरून बघायची, दिवे मंद होतात का, आवाज मागच्या स्पीकरपर्यंत जातो का. लोकांना ते जरा विचित्र वाटायचं. पूर्वीच्या ताई कशा पटकन सांगायच्या, असं एकजण तोंडावर म्हणालाही.

मास्तरांचंही मशीन त्यांनीच उभं करून दिलं. त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं होतं, पहिल्या सिनेमापासून नव्हे, बायकोने सांगितला त्यापासून. काही अडलं की ते फोन करायचे. ताईने उचलला तर नीट बोलायचे, तिची विचारपूस करायचे. मग म्हणायचे, "जरा कासवरावांना देता का?" ती फोन द्यायची. पलीकडच्या भिंतीतून छपाईची खडखड येत असायची, आणि कासव एका कानात बोट घालून मोठ्याने म्हणायचा, "कुठलं अक्षर? हां, सांगा."

दादाशी ती वर्षभर बोलली नाही. मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज सावध होता.

"आई जिन्यावरून घसरली परवा. पाय मुरगळलाय नुसता, मोडबिड काही नाही. डॉक्टरने बघितलं. आज चालली घरातल्या घरात. म्हटलं, तुला बाहेरून कळण्यापेक्षा..."

"बरं केलंस," ताई म्हणाली.

"काळजी करू नकोस. ती बरी आहे."

"बरं."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. दादा खोटं का बोलेल? यात खोटं बोलून त्याला काय मिळणार? काही नाही. असं ती स्वतःशी दोन-तीनदा म्हणाली. मग तिने आईचा नंबर लावला.

"अगं, बरी आहे की मी," आई म्हणाली. "आत्ताच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. दादाने सांगितलं नाही का तुला?"

"सांगितलं," ताई म्हणाली.